नव्या गाडीच्या रंगातले दोष: गोव्यात डिलिव्हरी घेताना काय तपासावे, काय मान्य करावे

कारखान्यात गाडीला रंग लागतो तेव्हा तिच्यात सीट नसते, वायरिंग नसते, काचाही नसतात. नुसत्या पत्र्याची बॉडी भट्टीतून जाते आणि सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण १४० अंश सेल्सिअसला भाजून निघतो. त्याच गाडीचा दरवाजा पुढे शोरूमच्या बॉडीशॉपमध्ये रंगवायचा झाला तर एवढी उष्णता देता येत नाही, कारण आता आत प्लॅस्टिक, रबर, बॅटरी सगळे बसलेले असते. तिथे हार्डनर मिसळलेला रंग मारतात आणि ६० अंशांच्या आसपास अर्धा तास सुकवतात. काम चांगले झाले तर ते टिकतेही, पण कारखान्यातला मूळ रंग एकदा खरवडला की परत मिळत नाही.

म्हणून दोष दिसला की क्रम असा ठेवा: आधी नोंद, मग ओळख, हात लावायचा तो सगळ्यांत शेवटी. आणि दुरुस्ती लागेल तेवढीच, छोट्यात छोटी. बहुतेक नुकसान मूळ दोषामुळे होत नाही. "सर, पाच मिनिटांत पॉलिश मारून देतो" याला घाईत हो म्हटल्याने होते.

रंगाची जाडी किती असते

पत्र्यावर सगळ्यांत खाली गंज रोखणारा इलेक्ट्रो-डिपॉझिशनचा थर असतो, सुमारे २० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट (१२ ते २० मायक्रॉन) आणि वर ३५ ते ५० मायक्रॉनचा क्लिअर कोट. सगळे मिळून बहुतेक गाड्यांवर ९० ते १४० मायक्रॉन भरते. हल्ली काही कारखाने प्रायमरचा वेगळा थर देत नाहीत. त्या गाड्यांवर ८० मायक्रॉनही दिसतात आणि तो दोष नव्हे. सूर्याच्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारे द्रव्य क्लिअर कोटमध्येच असते. पॉलिशचा प्रत्येक हात त्यातून मायक्रॉन-दोन मायक्रॉन काढतो, पॉलिश पेपर त्याहून कितीतरी जास्त.

तपासणी कधी करायची

नोंदणी क्रमांक पडण्यापूर्वी. या एका गोष्टीवर पुढचे सगळे अवलंबून आहे. कायद्याने विक्रेत्याला तात्पुरत्या किंवा कायम नोंदणीशिवाय गाडी ग्राहकाच्या हाती देता येत नाही. म्हणजे फुगे लावलेल्या गाडीची किल्ली हातात पडते तेव्हा बिल फाटलेले, विमा उतरलेला आणि गाडी तुमच्या नावावर झालेली असते. त्या क्षणी "ही नको, दुसरी द्या" म्हणणे फार अवघड. म्हणून बुकिंग करतानाच लेखी सांगा: गाडी यार्डात आली की चासी नंबर कळवा, मी स्वतः पाहीन, त्यानंतरच बिल, विमा आणि नोंदणी करा. व्हॉट्सॲपवर सांगितले तरी चालेल, पण समोरून होकार येऊ द्या.

कार बनवणारा कारखाना गोव्यात नाही. चाकण, साणंद, बिडदी, मानेसर किंवा श्रीपेरंबुदूरहून निघालेली गाडी ट्रेलरवरून घाट उतरून इथे पोचते आणि मग यार्डात उघड्यावर उभी राहते. जूनमध्ये आलेली गाडी चवथीपर्यंत विकली गेली नाही तर सबंध पावसाळा तिने खाल्लेला असतो. त्यामुळे उत्पादनाचा महिना जरूर पाहा. चासी नंबरमधली अक्षरे प्रत्येक कंपनीची वेगळी असतात, त्यात डोके घालण्यापेक्षा फॉर्म २२ (गाडी नियमांत बसते असे कंपनीचे प्रमाणपत्र) मागा आणि त्यावरचा चासी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी ताडून बघा.

चवथ, दसरा, पाडवा या दिवसांत शोरूममध्ये रांग लागते. मुहूर्त जरूर साधा, पण तपासणी चार-पाच दिवस आधी उरका. मुहूर्ताच्या दिवशी घरची मंडळी उभी असताना कोणीही नीट बघू शकत नाही.

यार्डवाल्याला आणखी एक सांगायचे: गाडी फक्त साध्या पाण्याने धुऊन ठेवा, रबिंग, पॉलिश, टेफ्लॉन, सिरॅमिक काहीही करू नका. कोटिंगखाली दोष बंद होतात आणि ते काढायचे तर आधी कोटिंग घासून काढावे लागते. पॉलिशमधले तेलकट पदार्थ बारीक ओरखडे भरून टाकतात. दोन-तीन वेळा गाडी धुतली की ते पुन्हा वर येतात. अशी शंका आली तर बाजारात मिळणारे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि डिस्टिल्ड पाणी तीन भाग असे मिश्रण करून मायक्रोफायबरने हलकेच एक हात पुसा. लपवलेले लगेच दिसते. नुकत्याच रंगवलेल्या पत्र्यावर मात्र हे घासू नका.

सोबत काय न्यायचे

चांगला टॉर्च (मोबाइलचाही चालतो), दोन स्वच्छ मायक्रोफायबर कापड, एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी, मास्किंग टेप, एक रुपयाचे नाणे आणि जमल्यास रंगाची जाडी मोजणारा गेज. गेज विकत घेतलाच पाहिजे असे नाही. ओळखीच्या डिटेलिंगवाल्याकडे असतो, तासाभरासाठी त्यालाच बरोबर न्या. गेज लोखंडावर आणि ॲल्युमिनियमवर चालणारा असावा, कारण काही गाड्यांचे बोनेट ॲल्युमिनियमचे असते. बंपर आणि आरशाचे कव्हर प्लॅस्टिकचे, काही गाड्यांचे पुढचे फेंडरही. तिथे साधा गेज आकडा दाखवत नाही.

वेळ सकाळची ठेवा किंवा दुपारी चारनंतरची. गाडी सावलीत, पूर्ण कोरडी हवी. ओला रंग सगळे झाकतो, त्यामुळे पाऊस चालू असेल तर छताखाली घ्यायला लावा आणि पुसून अर्धा तास जाऊ द्या. एका गाडीला निदान पाऊण तास द्या.

पाहायचे कसे

चालकाच्या बाजूच्या फेंडरपासून सुरुवात करून एका दिशेने गाडीभोवती फिरा. आधी उजेडात चार-पाच पावलांवरून, मग जवळून पत्र्याला तिरपे पाहत. समोरून पाहिले तर रंग दिसतो, तिरपे पाहिले तर पृष्ठभाग दिसतो. ट्यूबलाइटचे किंवा आकाशाचे प्रतिबिंब पत्र्यावरून सरकताना कुठे वाकडे होते, कुठे धूसर होते, तिकडे थांबा. टॉर्च फूटभर अंतरावरून तिरपा धरा.

मग हात. बोटांवर प्लॅस्टिकची पिशवी चढवून धुतलेल्या पत्र्यावरून अलगद फिरवा. पिशवीमुळे खरखर कित्येक पट जाणवते. धूळ असताना हे करू नका, नाहीतर ओरखडे तुमचेच.

गेज आधी सोबतच्या शून्य पट्टीवर जुळवून घ्या. प्रत्येक पत्र्यावर पाच ठिकाणी, बोनेट आणि टपावर नऊ ठिकाणी मोजा. आकडा किती आला यापेक्षा आकड्यांत फरक किती हे महत्त्वाचे. सगळी गाडी १०० ते १२५ दाखवते आणि मागचा डावा दरवाजा २१०, तर तो दरवाजा पुन्हा रंगवलेला आहे. ५०० च्या पुढे गेला तर खाली पुट्टी आहे, म्हणजे पत्रा चेपला होता. दरवाज्याच्या आतल्या कडांवर आणि डिकीच्या आत रंग पातळच असतो. तिथे ७०-८० मायक्रॉन आले म्हणून घाबरू नका. एखाद्या कोपऱ्यात १५०-१६० आले आणि दुसऱ्या बाजूच्या त्याच कोपऱ्यातही तेवढेच आले तर ती कारखान्याच्या फवाऱ्याची सवय. एकाच बाजूला आले तर संशय घ्या.

गेज नसेल तर ही ठिकाणे बघा. बोनेटच्या बिजागरीचे आणि फेंडरचे बोल्ट: त्यांच्या डोक्यावरचा रंग तुटला असेल तर तिथे पाना फिरला आहे. दरवाज्याचे रबर बोटाने उचला: खाली रंगाची तीक्ष्ण रेघ दिसली तर मास्किंग टेप लावून रंगकाम झाले आहे. चाकाच्या कमानीतले काळे अस्तर, काचेची कड, हेडलाइटची कड यांवर रंगाचे बारीक तुषार आहेत का? शेजारच्या दोन पत्र्यांचा पोत वेगळा आहे का? हे शेवटचे फार बोलके लक्षण, पण उभ्या पत्र्याची तुलना उभ्याशीच करा. दरवाज्यावरचा पोत बोनेटपेक्षा थोडा जाड असणे नेहमीचेच.

दोष ओळखणे

सगळ्यांत जास्त दिसतो तो धूळकण. क्लिअर कोट ओला असताना कण बसला आणि भट्टीत तसाच भाजला गेला. टाचणीच्या टोकाएवढा फुगीर ठिपका. बोनेट आणि टपावर मिळून असे दोन-तीन असणे आम्ही सर्वसाधारण मानतो. वर आलेला कण २५०० किंवा ३००० नंबरच्या पॉलिश पेपरचा नखाएवढा तुकडा सपाट ठोकळ्यावर लावून, पाण्याने, फक्त त्या कणावर घासतात आणि मग कंपाउंड-पॉलिश करतात. दहा मिनिटांचे काम, पण सरावाच्या हातचे. कण बेस कोटखाली असेल तर घासून निघत नाही. तो तसाच राहू द्या.

संत्र्याच्या सालीसारखा पोत, ज्याला गॅरेजमध्ये ऑरेंज पील म्हणतात, तो जवळजवळ प्रत्येक कारखान्याच्या रंगात थोडाफार असतो. सबंध गाडीवर सारखा असेल तर दोष नाही. तो घासून काच करून देतो असे कोणी म्हटले तर नको म्हणा: पोत सपाट करताना क्लिअर कोटचा मोठा भाग जातो आणि गोव्याच्या उन्हात चार-पाच वर्षांनी त्याची किंमत कळते.

ओघळ बहुधा दरवाज्याच्या खालच्या कडेला, हँडलच्या खाचेखाली किंवा पेट्रोलच्या झाकणाशी सापडतो. कडेला, सहज न दिसणारा असेल तर सोडून द्या. दरवाज्याच्या मधोमध असेल तर तो ब्लेडने तासून, घासून काढावा लागतो.

खड्डे वेगळे, आणि इथे नवखे लोक फसतात. ओल्या रंगाखाली तेलाचा किंवा सिलिकॉनचा अंश राहिला की रंग तिथून बाजूला सरकतो आणि गोल खळगा पडतो. सॉल्व्हंट आत अडकून नंतर फुटले की सुईने टोचल्यासारखी भोके पडतात. दोन्ही पॉलिशने जात नाहीत, कारण खड्डा भरायला आजूबाजूचा सगळा रंग त्याच्या तळापर्यंत उतरवावा लागेल. एखाद-दुसरा असेल तर क्लिअरचा थेंब भरता येतो. पत्राभर असतील तर तो पत्रा बहुधा बाहेर कुठेतरी रंगवलेला आहे. लगेच गेज लावा.

पांढऱ्या गाडीवर नारिंगी-तपकिरी ठिपके दिसले की लोक गंज आला म्हणून घाबरतात. ते बहुतेक वेळा बाहेरून येऊन रुतलेले लोखंडाचे कण असतात: ब्रेकची भुकटी, रेल्वेच्या रुळांवरचा चुरा, वेल्डिंगच्या ठिणग्या. डिचोली-साखळी किंवा सावर्डे-कुडचडे पट्ट्यातली लाल धूळ ही वेगळी गोष्ट, ती पाण्याने धुऊन जाते. रुतलेला कण धुऊनही बोटाला टोचतो. त्यावर आयर्न रिमूव्हर नावाचा द्राव मिळतो. गाडी सावलीत, पत्रा गार असताना फवारा, तीन ते पाच मिनिटे थांबा, जांभळे ओघळ येतील, सुकण्याआधी भरपूर पाण्याने धुवा. उरलेले कण क्ले बारने (रुतलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी), भरपूर साबणपाणी ठेवून, वजन न देता काढा. क्ले जमिनीवर पडला तर तो टाकून द्यायचा, धुऊन वापरायचा नाही.

पाण्याचे डाग हे यार्डात उभ्या गाडीचे ठरलेले लक्षण. बोअरिंगच्या पाण्याने धुऊन उन्हात सुकवले की क्षार राहतात. पांढरा व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी समसमान घेऊन कापड भिजवा, डागावर एक-दोन मिनिटे ठेवा, धुवा. डाग गेला पण त्या जागी कड दिसत राहिली तर क्षाराने क्लिअर खाल्ला आहे, तिथे पॉलिशच लागेल. पक्ष्यांची आणि वटवाघळांची विष्ठा, आंब्याचा आणि काजूचा चीक यांचेही तसेच. एप्रिल-मेमध्ये काजूच्या झाडाखाली उभी केलेली गाडी दोन दिवसांत डागाळू शकते.

गोल जाळीदार ओरखडे शोरूमच्या धुण्याचे: एकच फडके, एकच बादली. धुक्यासारख्या, उन्हात सरकणाऱ्या पट्ट्या दिसल्या तर त्या रोटरी मशिनच्या, म्हणजे गाडीवर आधीच पॉलिश मारले गेले आहे. का मारले, हा प्रश्न जरूर विचारा.

साध्या ओरखड्याची परीक्षा सोपी. ओले बोट फिरवा. ओरखडा नाहीसा झाला तर तो क्लिअर कोटमध्येच आहे आणि पॉलिशने जाईल. नख आडवे फिरवा. नख अडकले तर पॉलिशच्या भानगडीत पडू नका, टचअप लागेल. तळाशी करडा रंग दिसला तर प्रायमर उघडा पडला आहे, चकाकी दिसली तर पत्रा. उघडा पत्रा आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत काही दिवसांतच गंजू लागतो, तेव्हा मिरामार, कळंगुट, कोलवा अशा किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी हे काम पुढच्या आठवड्यावर टाकू नये.

बंपरचा रंग बॉडीशी किंचित जुळत नाही, ही तक्रार रुपेरी आणि मोतिया पांढऱ्या रंगांत फार येते. प्लॅस्टिकला १४० अंश सोसत नाहीत, म्हणून बंपर वेगळे रंगवले जातात आणि धातूचे कण वेगळ्या कोनात बसतात. दोन्ही बाजूंनी सारखा फरक असेल तर ते कंपनीचेच. डावीकडे जुळते आणि उजवीकडे नाही, तर उजवीकडचा फेंडर तपासा.

नोंद

प्रत्येक दोषाशेजारी मास्किंग टेपचा तुकडा लावून क्रमांक घाला. मग तीन फोटो: सबंध पत्रा दिसेल असा, हातभर अंतरावरून, आणि नाणे शेजारी ठेवून जवळून. शेवटी न थांबता एक व्हिडिओ काढा: चासी नंबरापासून सुरू करा, किलोमीटरचा आकडा घ्या, मग टेपच्या क्रमाने गाडीभोवती फिरा. फोटो सुटे असले की कोणत्या गाडीचे यावर वाद होतो. व्हिडिओने तो मिटतो.

त्याच दिवशी विक्री व्यवस्थापकाला ईमेल, प्रत कंपनीच्या ग्राहक सेवेला. मजकूर एवढा पुरे:

"चासी क्रमांक … ही गाडी मी दि. … रोजी … येथील यार्डात पाहिली. सोबतच्या फोटोंतील १ ते ५ दोष आढळले. मागच्या डाव्या दरवाज्यावर रंगाची जाडी २१० मायक्रॉन, इतर पत्र्यांवर १०० ते १२५ मायक्रॉन आहे. या गाडीवर आधी रंगकाम झाले आहे का, झाले असल्यास कुठे व का, हे लेखी कळवावे. उत्तर येईपर्यंत या गाडीचे बिल, विमा व नोंदणी करू नये."

चासी नंबर, आकडा, तारीख आणि मागणी, याखेरीज काही लिहू नका. राग ईमेलमध्ये उतरला की उत्तर रागालाच मिळते, दरवाज्याला मिळत नाही.

दोष डिलिव्हरीच्या दिवशीच दिसले तर "गाडी सुस्थितीत मिळाली" या ओळीखाली नुसती सही करू नका. तिथेच हाताने दोष लिहा, विक्री प्रतिनिधीचीही सही घ्या आणि कागदाचा फोटो काढा.

काय मान्य करायचे, काय नाही

न सांगता रंगवलेला पत्रा: दुसरी गाडी मागा. नोंदणी झालेली नसेल तर विक्रेत्याला हे जड नाही, तो तुमच्या बुकिंगला दुसऱ्या गाडीचा चासी नंबर लावतो आणि तुम्ही दोन-तीन आठवडे थांबता. थांबा.

टप किंवा मागचा क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा पत्रा) रंगवून देतो म्हणाले तर ठाम नकार द्या. हे पत्रे वेल्ड केलेले असतात; रंग कुठेतरी खांबावर विरवावा लागतो आणि तो जोड काही वर्षांनी उन्हात पिवळसर रेघ होऊन दिसू शकतो. शिवाय गाडी विकताना गेज लावणारा प्रत्येक जण टप रंगवलेला पाहून गाडी उलटली होती असे धरून चालतो. बंपर मात्र बिनधास्त रंगवून घ्या, तो मुळातच कमी उष्णतेवर रंगवलेला असतो. दरवाजा, बोनेट, फेंडर हे बोल्टवर बसतात. हे मधले प्रकरण. गाडी दुसरी मिळत नसेल, दोष ठळक असेल, तरच.

धूळकण आणि पाण्याचे डाग यांवर गाडी नाकारणे आम्हाला योग्य वाटत नाही. दुसऱ्या गाडीवर ते नसतील याची खात्री नाही. त्याऐवजी तुमच्या समोर, तुम्ही निवडलेल्या डिटेलिंगवाल्याकडून, विक्रेत्याच्या खर्चाने काम करून घ्या.

पुन्हा रंगवणे ठरलेच तर अटी आधी लिहून घ्या. काम अधिकृत बॉडीशॉपच्या बंद बूथमध्ये होईल, उघड्या शेडमध्ये नाही. गाडीच्या पट्टीवरच्या रंगसंकेतानुसार रंग मिसळून आधी नमुना कार्डावर मारतील आणि तो उन्हात गाडीशेजारी धरून तुम्हाला दाखवतील. क्लिअर कोट कडेपासून कडेपर्यंत सबंध पत्र्यावर. ६० अंशांवर सुकवणी. आधीचे आणि नंतरचे गेजचे आकडे, आणि रंगकामावर लेखी हमी.

पावसाळ्यात हे काम टाळता आले तर टाळा. रंगात मिसळणारा हार्डनर ओलाव्याशीही रासायनिक क्रिया करतो, त्यातून वायू निघतो आणि रंगात बुडबुडे राहतात. कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साचले असेल तर ते थेट पत्र्यावर जाते. आज चकचकीत दिसणाऱ्या दरवाज्यावर काही आठवड्यांनी फोड येतात. बॉडीशॉपमध्ये हवेच्या लाइनवर ड्रायर आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर आहे का, हे बघून या. नसेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली तारीख लेखी घ्या. रंगवलेल्या पत्र्यावर पहिले ३० दिवस वॅक्स किंवा सिरॅमिक नको, फक्त साधे पाणी आणि मऊ कापड.

घरी करण्याजोगा टचअप

खड्याएवढा टवका असेल तर कंपनीची टचअप बाटली रंगसंकेत सांगून मागवा. जागा साबणाने धुवा, वरच्या अल्कोहोल मिश्रणाने पुसा, पूर्ण सुकू द्या. पत्रा उघडा असेल तर आधी प्रायमरचा ठिपका. बाटली दोन मिनिटे हलवा. तिच्यातला ब्रश जाड असतो. दात कोरायच्या काडीच्या टोकावर थेंब घ्या आणि खड्ड्याच्या मधे सोडा, तो आपोआप पसरतो. एकदम भरू नका: पातळ दोन-तीन थर, दोन थरांत अर्धा तास, पावसाळ्यात तासभर. मग क्लिअरचे दोन थर, शेवटचा किंचित वर राहील असा. सात दिवस हात लावू नका. नंतर हवे तर ३००० नंबरच्या पेपरने फक्त उंचवटा सपाट करून हाताने पॉलिश. नाही केले तरी चालते. गंज अडला हे खरे काम.

पूजेच्या दिवशीही थोडी काळजी घ्या. कुंकवाचे स्वस्तिक कोरड्या बोटाने रेखले की कण रंगावर घासले जातात. कुंकू पाण्यात किंवा तेलात कालवून काचेवर किंवा नंबरप्लेटवर लावा आणि त्याच दिवशी पाण्याने धुवा. हारातली तार बोनेटच्या कडेला घासते, तेव्हा हार दोऱ्याचाच घ्या.

विक्रेता ऐकत नसेल तर

आधी शोरूमचा महाव्यवस्थापक, मग कंपनीचा विभागीय अधिकारी, दोन्ही ईमेलने. वॉरंटी पुस्तिकेत रंगाचे कलम वाचून ठेवा. विष्ठा, चीक, खारी हवा, दगडाचे टवके यांचे नुकसान सहसा वगळलेले असते, म्हणून दोष ताबा घेण्याआधीचा आहे हे तारखेने दाखवता येणे महत्त्वाचे. पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५.

तक्रार कोणाविरुद्ध, याचाही विचार हवा. गोव्यातल्याच एका ग्राहकाला २०११ मध्ये नव्या गाडीच्या पैशांत २००९ सालची वापरलेली गाडी मिळाली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने म्हटले की कंपनी आणि विक्रेता हे स्वतंत्र पक्ष आहेत. विक्रेत्याने केलेल्या गैरप्रकाराची कंपनीला माहिती होती असे दिसल्याशिवाय कंपनीवर ती जबाबदारी टाकता येत नाही. रंगाच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. कारखान्यातला दोष असेल तर कंपनीला उत्तर द्यावे लागते; वाहतुकीत चेपलेला दरवाजा यार्डात गुपचूप रंगवला असेल तर विक्रेत्याला. गेजचा आकडा हा फरक दाखवायला मदत करतो, म्हणून तक्रारीत दोघांनाही पक्षकार करा आणि तो आकडा लिहा.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते: उत्तर गोव्याचा पर्वरीला, दक्षिण गोव्याचा मडगावला. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरेसा. शुल्क ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि ५० लाखांपर्यंत १,०००. मुदत दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही. बिल, फॉर्म २२, डिलिव्हरीचा सही केलेला कागद, ईमेलची साखळी, व्हिडिओ आणि एखाद्या स्वतंत्र बॉडीशॉपचा सही-शिक्क्याचा जाडी अहवाल एवढे जोडा. हा अहवाल गाडीला कोणीही पॉलिश लावण्यापूर्वीचा असावा.